जुन्या कार्ब्युरेटर गाडीसाठी इलेक्ट्रिक फ्युएल पंप: दाब किती हवा आणि तो थांबवणार कोण

सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या गाड्या जपणारी घरे कमी नाहीत. कुणाच्या वाड्यात वडिलांची प्रीमियर पद्मिनी उभी असते, कुणा डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेराल्ड असते, तर कुणा बागाईतदाराकडे अँबॅसिडर किंवा पेट्रोलवर चालणारी महिंद्राची जुनी जीप असते. अशी गाडी महिना-दीड महिना उभी राहिली की सुरू होताना बॅटरीचा जीव काढते आणि एप्रिल-मे महिन्यांत घाट चढताना मध्येच मान टाकते. या दोन्ही तक्रारींवर आता एक सल्ला हमखास मिळतो, तो म्हणजे इलेक्ट्रिक पंप बसवून टाका. सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. पंप किती दाबाचा असावा, तो गाडीत कुठे बसवावा आणि इंजिन बंद पडल्यावर त्याला थांबवणार कोण, हे न ठरवता बसवलेला पंप मूळच्या दुखण्यापेक्षा मोठे दुखणे होऊन बसतो, आणि हे दुखणे पेट्रोलचे असल्यामुळे त्याचा शेवट आगीत होऊ शकतो.

आधी मूळचा पंप कसा काम करतो ते पाहू, कारण नव्या पंपाकडून काय मागायचे ते त्यातूनच कळते. गॅरेजमध्ये ज्याला (एका कंपनीच्या नावावरून) सर्रास एसी पंप म्हणतात तो इंजिनच्या बगलेला बसवलेला असतो. इंजिनची कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरताना पंपाची दांडी दाबली जाते, दांडी आतला डायाफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, खेचते आणि टाकीतून पेट्रोल पंपात ओढले जाते. इथपर्यंतचे काम इंजिन करते. पेट्रोल पुढे कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, ढकलण्याचे काम मात्र इंजिनचे नसून डायाफ्रामखालच्या स्प्रिंगचे असते, त्यामुळे त्या स्प्रिंगमध्ये जेवढी ताकद तेवढाच दाब पाईपात तयार होतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत हा दाब साधारण २ ते ४ पीएसआय एवढाच असतो. टायरची हवा आपण ज्या पौंडांत मोजतो तेच हे पौंड. टायरमध्ये ३० पौंड हवा असते, तर कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब त्याच्या दहाव्या हिश्शाचा असतो. कार्ब्युरेटर भरला की स्प्रिंग दबलेलीच राहते, दांडी रिकामी हलत राहते आणि पेट्रोल पुढे जात नाही. इंजिन थांबले की पंपही थांबतो. दाबाला आपोआप मर्यादा आणि इंजिनबरोबर आपोआप थांबणे, हे त्या साध्या पंपाचे दोन मोठे गुण आहेत. इलेक्ट्रिक पंप घेताना हे दोन्ही गुण आपल्याला पैसे आणि डोके खर्चून परत मिळवावे लागतात.

मग तो बदलायचाच कशाला, तर त्याची काही खरी कारणे आहेत. गाडी बराच काळ उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या बाउलमधले, म्हणजे त्यातल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतले, पेट्रोल उडून जाते आणि ते पुन्हा भरेपर्यंत स्टार्टर मारत बसावे लागते. इलेक्ट्रिक पंप चावी फिरवताच बाउल भरून ठेवतो. एसी पंप तापलेल्या इंजिनला चिकटलेला असल्यामुळे त्याच्यातले पेट्रोलही तापते. त्याचा डायाफ्राम फाटला तर पेट्रोल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरते आणि पातळ झालेल्या ऑइलमुळे बेअरिंगे जातात. शिवाय चांगल्या प्रतीचे डायाफ्राम आणि व्हॉल्व्ह मिळणे आता जिकिरीचे झाले आहे. इलेक्ट्रिक पंप म्हणजे जुन्या गाडीचे पावित्र्य बिघडवणारे नवे खूळ, असे मानण्याचेही कारण नाही. १९४८ साली आलेल्या मॉरिस मायनरमध्ये कारखान्यातूनच एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप बसवलेला असे.

पण पंपावर खर्च करण्यापूर्वी दोष पंपाचाच आहे याची खात्री करून घ्यावी. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्वात होऊन कोणताही पंप पेट्रोल ओढू शकत नाही. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर दुखणे तिथेच सापडले. टाकीच्या तळातली गंजाची माती, पाईपाची चेपलेली जागा, तडे गेलेला रबरी जोड ही पुढची ठिकाणे. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या आणि थंड झाल्यावर चालू होणाऱ्या अनेक गाड्यांत खरा दोष स्पार्क तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलचा किंवा कंडेन्सरचा निघतो. बंद पडल्याबरोबर स्पार्क पाहावा. स्पार्क नसेल तर पेट्रोलला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे दाबाकडे येऊ. पंप निवडताना पहिला, दुसरा आणि तिसरा निकष दाब हाच आहे, असे म्हटले तरी चालेल. कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये एक फ्लोट तरंगत असतो आणि पातळी वाढली की तो एका बारीक सुईला वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. म्हणजे एका बाजूने पंप सुईला खाली दाबत असतो आणि दुसऱ्या बाजूने तरंगणारा फ्लोट तिला वर उचलून धरत असतो. समजा सुईच्या बैठकीचे भोक पावणेदोन मिलिमीटरचे आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.४ चौरस मिलिमीटर येते. पंपाचा दाब ३ पीएसआय असेल तर सुईवर येणारा भार जेमतेम ५ ग्रॅम भरतो. दाब दुप्पट म्हणजे ६ पीएसआय केला की भार १० ग्रॅम होतो. इंजेक्शनच्या गाडीतला ३ बारचा, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस पीएसआयचा पंप लावला, तर तोच भार ७० ग्रॅमच्या वर जातो. पितळी किंवा प्लॅस्टिकच्या त्या लहानशा फ्लोटकडे, दांडीच्या तरफेचा फायदा धरूनही, एवढे बळ नसते.

पण नुकसान कार्ब्युरेटर उघडपणे वाहू लागल्यावरच सुरू होते असे नाही. दाब थोडा जास्त असला तरी सुई बंद करण्यासाठी फ्लोटला पेट्रोलमध्ये अधिक बुडावे लागते, म्हणजेच बाउलमधली पातळी ठरलेल्या रेषेपेक्षा वर राहते. पातळी वर गेली की जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकातून, पेट्रोल जास्त येते, मिक्श्चर रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने त्यात पेट्रोल वाढते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरते आणि गाडी गरम असताना सुरू व्हायला त्रास देते. मालक जेट बदलतो, चोक तपासतो, मिस्त्री फ्लोटची पत्ती वाकवून पातळी खाली आणतो, आणि दोष मात्र मागे पंपात बसलेला असतो. पत्ती वाकवून वाढीव दाबाशी तडजोड करणे मला योग्य वाटत नाही, कारण चढ-उताराला आणि वळणावर ती पातळी पुन्हा बिघडते.

किती दाब हवा याचे उत्तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मूळ पंपाचा दाब म्हणून दिलेले असते आणि तोच आकडा प्रमाण मानावा. मॅन्युअल हाताशी नसेल तर ढोबळ अंदाज असा: एसयू जातीच्या कार्ब्युरेटरला दीड ते ३ पीएसआय पुरतात, सोलेक्स जातीच्या कार्ब्युरेटरला २ ते ३, वेबरला ३ ते साडेतीन. मोठ्या अमेरिकन व्ही-एट इंजिनांवरचे होली कार्ब्युरेटर ५ ते ७ पीएसआय सहज झेलतात, आणि घोटाळा इथेच होतो, कारण इंटरनेटवर सापडणारे बरेचसे सल्ले आणि नावाजलेले पंप त्या इंजिनांसाठीचे असतात. ७ पीएसआयचा पंप पद्मिनीच्या कार्ब्युरेटरला लावणे म्हणजे सुईला रोज हरवण्याची व्यवस्था करणे आहे.

दाबाच्या मानाने पेट्रोलच्या प्रमाणाची, म्हणजे ताशी किती लिटर याची काळजी फारशी करावी लागत नाही. पूर्ण जोरात चालणारे जुन्या धाटणीचे पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२५ ते २३० ग्रॅम पेट्रोल खाते. चाळीस अश्वशक्तीच्या पद्मिनीचा हिशेब केला तर तासाला ९ किलो, म्हणजे सव्वाबारा लिटरच्या आसपास. पन्नास अश्वशक्तीच्या अँबॅसिडरला साडेपंधरा. तेही ॲक्सिलरेटर तळाला टेकवून तासभर चालवल्यावर, आणि आपल्या रस्त्यांवर तसे कोणी चालवत नाही. दुप्पट राखीव धरली तरी ताशी ३० लिटर, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर एवढे पुरते. बाजारातला लहानात लहान पंपही याहून जास्त देतो. म्हणून खोक्यावर ताशी १२० लिटर असा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तो आकडा बहुधा पाईप मोकळा सोडून, शून्य दाबाला मोजलेला असतो आणि आपल्या गाडीला त्याचा काही उपयोग नसतो.

पंपांच्या जाती मुख्यतः दोन. पहिली सोलेनॉइडची. यात विजेचे चुंबक आतला दट्ट्या किंवा डायाफ्राम मागे खेचते आणि स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. म्हणजे दाब पुन्हा स्प्रिंगच ठरवते, अगदी मूळच्या एसी पंपासारखा. कार्ब्युरेटर भरला की स्प्रिंग अडून राहते, टकटक मंदावते आणि वीजही जवळजवळ लागत नाही. एसयू आणि हार्डीचे डायाफ्रामवाले पंप आणि फॅसेटचे चौकोनी ठोकळ्यासारखे दिसणारे पंप हे याच घराण्यातले. चौकोनी पंप वेगवेगळ्या दाबांत मिळतात आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर न जाता अंगावरचा पार्ट नंबर आणि त्यापुढचा दाब वाचूनच घ्यावा. दुसरी जात फिरत्या मोटारीची. होली आणि कार्टरचे बरेच पंप या जातीचे आहेत. मोटार अखंड फिरत राहते, जास्तीचे पेट्रोल आतल्या आत वळवले जाते, वीज जास्त खाते, आवाजही अखंड घरघरीचा येतो आणि लहान इंजिनासाठी दाब जास्त पडत असल्याने पुढे दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावाच लागतो. दोन लिटरच्या आतल्या आणि एकच कार्ब्युरेटर असलेल्या गाडीसाठी सोलेनॉइडचाच पंप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. योग्य दाबाचा पंप घेतला तर रेग्युलेटर लागत नाही, आणि जो भाग गाडीत नाही तो गळतही नाही.

एका गोष्टीपासून मात्र निक्षून दूर राहावे. "साहेब, इंजेक्शनच्या गाडीतला जुना पंप पडलाय, चालू आहे, तोच टाकू, प्रेशर मस्त येतंय," असे गॅरेजमध्ये आपुलकीने सुचवले जाते. तो पंप ३ बारच्या आसपास, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस पीएसआयवर काम करण्यासाठी बनवलेला असतो. साध्या रेग्युलेटरने तो ३ पीएसआयवर आणता येत नाही, रबरी जोड तो दाब सहन करत नाहीत, आणि टाकीत बुडून थंड राहण्यासाठी बनवलेला पंप बाहेर कोरडा टांगला तर लवकर जळतो.

पंप कुठे बसवायचा हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळे शिकवायला नको. १९१० साली किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात वसली, तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते की विहिरीवरची मोटर पाण्याच्या जितकी जवळ तितकी बरी. ओढायला तिला पंचवीस फूटही जड जातात, ढकलायला मात्र ती शंभर फूटही सहज ढकलते. पेट्रोलच्या पंपाचेही तेच आहे. तो टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली बसवावा आणि उरलेली सगळी लांबी त्याला ढकलू द्यावी. एसी पंपाच्या जागी, बोनेटखाली इलेक्ट्रिक पंप बसवणे सोपे पडते, पण त्याने मूळचा दोष तसाच राहतो.

यामागचे कारण घाटात कळते. पेट्रोल हा अनेक द्रवांचा मिलाफ आहे आणि त्यातला सर्वांत हलका भाग ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतो. सांगलीत उन्हाळ्यात सावलीतला पारा चाळिशीला टेकतो, बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त तापमान असते. पाईपात ओढ निर्माण झाली की त्या पाईपातला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. वाईहून पसरणीचा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये संथ चालते, रेडिएटरला वारा कमी मिळतो, पाचगणीपर्यंत सुमारे साडेपाचशे ते सहाशे मीटर उंची वाढते आणि हवेचा दाबही तेवढ्याने उतरतो. ही सगळी कारणे एकत्र आली की टाकी ते इंजिन या ओढल्या जाणाऱ्या पाईपात वाफेचे बुडबुडे तयार होतात, पंप वाफच घुसळत बसतो आणि गाडी एखाद्या वळणावर थांबते. लोक ओले फडके टाकतात, पंपावर पाणी मारतात, अर्धा तास थांबतात. पंप टाकीपाशी असला तर पाईपाच्या बहुतांश लांबीत ओढीऐवजी दाब असतो आणि २-३ पीएसआयचा तो दाबही पेट्रोलचा उत्कलनबिंदू काही अंशांनी वर नेतो. एवढ्याने बहुधा भागते.

चढाचा आणखी एक हिशेब आहे. टाकी मागे खाली आणि कार्ब्युरेटर पुढे वर असतो. या उंचीत ६० सेंटिमीटरचा फरक असेल तर पेट्रोल वर चढवण्यातच सुमारे ०.६ पीएसआय खर्ची पडतात. दहा टक्क्यांच्या चढावर गाडीचे नाक उचलले गेले की अडीच-तीन मीटर पुढे असलेला कार्ब्युरेटर आणखी २५ ते ३० सेंटिमीटर वर जातो, म्हणजे अजून ०.३ पीएसआय गेले. दीड पीएसआयचा पंप मागे बसवला तर पसरणीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात त्यातला अर्धाअधिक दाब चढण्यातच संपतो. म्हणून मागे बसवायच्या पंपाचा दाब अडीच-तीन पीएसआय असावा आणि तो कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मोजावा, पंपाच्या तोंडाशी मोजू नये.

पेट्रोलच बदलले आहे, याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळते. कृष्णाकाठच्या उसाशी त्या इथेनॉलचे नाते आहे आणि इथल्या शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, हे मान्य. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या रबराने इथेनॉल कधी पाहिलेले नव्हते. जुने डायाफ्राम आणि पाईप त्यात फुगतात, मऊ पडतात किंवा आतून सुटून त्यांचे काळे कण फिल्टरमध्ये येतात. इथेनॉल हवेतली ओल धरते आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते, तिथून पहिला घोट पंपाच्याच पोटात जातो. ७० अंशांच्या आसपास उडून जाणारा भागही या मिश्रणात जास्त असतो, त्यामुळे तापलेल्या इंजिनावर वाफ धरण्याची तक्रार वाढू शकते. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे जुन्या जेटांवर गाडी थोडी लीन चालते, तिला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. हे शेवटचे दुखणे जेटचे आहे, ते पंपाचा दाब वाढवून बरे करायचा प्रयत्न करू नये. पंप घेताना मात्र तो इथेनॉल चालणारा आहे का, हे विचारायचे, आणि रबरी पाईप व्हायटन या इंधन सोसणाऱ्या रबराचे अस्तर असलेले, एसएई जे-३० आर-९ असा छाप असलेलेच घ्यायचे. मीटरमागे शे-दोनशे रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

ज्यांचे घाटात येणे-जाणे नित्याचे आहे त्यांनी परतीच्या पाईपाचा विचार करावा. मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत तो कारखान्यातूनच होता. कार्ब्युरेटरच्या अलीकडे एक टी जोड देऊन, त्यात १ मिलिमीटरचे भोक असलेली नळी बसवून, थोडे पेट्रोल सतत टाकीकडे परत पाठवायचे. त्याने पाईपातले पेट्रोल ताजे आणि थंड राहते आणि बुडबुडेही परत निघून जातात. ३ पीएसआयला त्या भोकातून तासाला सुमारे १५ लिटर पेट्रोल वळते, तेव्हा इथे पंपाच्या क्षमतेत तेवढी भर धरावी लागते.

फिल्टर दोन लावावेत. पंपाच्या आधी जाड जाळीचा, साधारण ७० ते १०० मायक्रॉनचा, कारण ओढणाऱ्या बाजूला बारीक फिल्टर लावला तर तोच अडथळा होऊन वाफ धरवतो. कागदाचा बारीक फिल्टर पंपाच्या पुढे लावावा. तो एक्झॉस्टपासून दूर असावा. लांब पाईप धातूचाच ठेवावा, रबर फक्त जोडांपुरते. पाईप सायलेन्सरच्या बाजूने नेऊ नये आणि घासणाऱ्या जागी ग्रोमेट, म्हणजे रबरी कडे, घालावे.

विजेच्या जोडणीत बहुतेक बिघाड अर्थिंगचे असतात. गंजलेल्या चासीवर स्क्रू मारून घेतलेली अर्थ काही महिन्यांत दगा देते, म्हणून पंपाची काळी वायर थेट बॅटरीच्या अर्थच्या ठिकाणापर्यंत स्वतंत्र आणावी. वीज इग्निशन स्विचमधून न नेता रिलेमधून, म्हणजे थोड्या विजेवर मोठी वीज जोडणाऱ्या स्विचमधून, द्यावी आणि फ्यूज बॅटरीजवळ ठेवावा. पंप चालू असताना त्याच्याच टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे; बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि पंपावर ११ असतील तर मधे कुठेतरी जोड खराब आहे. डायनामोवाल्या गाड्यांत रात्री दिवे लावून स्लो स्पीडवर व्होल्टेज उतरते, आणि स्टार्टर मारताना तर ते १० च्याही खाली जाऊ शकते, तरीही पंप टकटकत राहायला हवा. जुन्या ब्रिटिश वळणाच्या काही गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू अर्थ केलेली असते. अशा गाडीला इलेक्ट्रॉनिक सर्किटवाला पंप उलटा जोडला तर तो त्याच क्षणी जातो. त्यासाठी पॉझिटिव्ह अर्थचा म्हणून बनवलेलाच पंप घ्यावा लागतो.

आता राहिला तो प्रश्न, जो बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही. अपघातात गाडी उलटली, पाईप तुटला, इंजिन बंद पडले, पण चावी चालूच राहिली, तर इलेक्ट्रिक पंप तुटलेल्या पाईपातून मिनिटाला अर्धा-एक लिटर पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर ओतत राहील. म्हणून इंजिन थांबले की पंप थांबलाच पाहिजे. याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे इग्निशन कॉइलचे ठोके ओळखणारा रिले. चावी फिरवल्यावर तो पंप दोन-तीन सेकंद चालवून बाउल भरतो आणि पुढे स्पार्कचे ठोके येत राहिले तरच पंपाला वीज देतो. दुसरा उपाय ऑइल प्रेशर स्विचचा. इथे लक्षात ठेवायचे ते हे की डॅशबोर्डच्या लाल दिव्याचा स्विच याला चालत नाही, कारण तो ऑइलचा दाब नसताना जोडलेला असतो आणि दाब आल्यावर तुटतो. आपल्याला नेमका उलटा हवा. शिवाय सुरू करताना ऑइलचा दाब नसतो, म्हणून स्टार्टर फिरत असेपर्यंत पंपाला वेगळी वाट द्यावी लागते. यांपैकी एक आणि त्याच्या जोडीला इनर्शिया स्विच, जो जोराचा धक्का बसताच वीज तोडतो, एवढे असल्याशिवाय मी कोणालाही इलेक्ट्रिक पंप बसवायला सांगणार नाही. डॅशबोर्डखाली लपवलेले बटण चोरापासून वाचवते, पण अपघातात ते बंद करायला शुद्धीवर कोणीतरी असावे लागते.

ही व्यवस्था तपासतानाही एक फसगत होते. इंजिन बंद करून चावी चालू ठेवली आणि टकटक थांबली की लोक समाधानी होतात. पण बाउल भरलेला असल्यामुळे सोलेनॉइडचा पंप तसाही गप्प बसतो. त्याने रिले काम करतो हे सिद्ध होत नाही. कार्ब्युरेटरकडचा पाईप काढून तो धातूच्या डब्यात धरावा, मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना, शेजारी आग विझवायचे सिलिंडर ठेवून, आणि मग चावी फिरवावी. दोन-तीन सेकंदांत धार थांबली तरच रिले बरोबर आहे.

त्याच बैठकीत पंपाचीही परीक्षा होऊन जाते. रिले तेवढ्यापुरता बाजूला ठेवून पंपाला थेट वीज द्यायची आणि अर्धा लिटर पेट्रोल किती वेळात येते ते घड्याळ लावून पाहायचे. मिनिटाच्या आत आले तर प्रमाण पुरेसे आहे, परतीचा पाईप असेल तर चाळीस सेकंदांच्या आत यावे. धारेत बुडबुडे दिसले तर पंपाच्या आधीच्या एखाद्या जोडातून हवा शिरते आहे. यानंतर कार्ब्युरेटरच्या अलीकडे टी जोडून ० ते १५ पीएसआयचा गेज लावावा आणि इंजिन स्लो स्पीडवर असताना, म्हणजे सुई जवळजवळ बंद असताना, दाब पाहावा. सर्वांत मोठा दाब त्याच वेळी येतो. मोजून झाले की गेज काढून ठेवावा. पेट्रोलची नळी गाडीच्या आत डॅशबोर्डपर्यंत आणून गेज बसवण्याचा मोह टाळावा. दाब जास्त निघाला आणि पंप बदलणे शक्य नसेल, तरच रेग्युलेटर कार्ब्युरेटरजवळ बसवावा. पंप बदलण्याआधी आणि नंतर पीयूसी केंद्रावर आकडे घेतले तर आणखी एक पुरावा मिळतो; २००० सालापूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि पंप बदलल्यानंतर तो आकडा चढला असेल तर बाउलची पातळी वर गेली आहे, असे समजावे.

जुना एसी पंप काढल्यावर त्या जागी जाड पत्र्याची पट्टी आणि पॅकिंग बसवावे, आणि त्याला ढकलदांडी असेल तर तीही काढावी. काही जण तो पंप तसाच ठेवून इलेक्ट्रिक पंपाचे पेट्रोल त्यातूनच पुढे नेतात. यात धोका आहे, कारण त्याचा डायाफ्राम फाटला तर आता मागून दाबाने येणारे पेट्रोल इंजिन बंद असतानाही ऑइल चेंबरमध्ये उतरेल. काढलेला पंप मात्र टाकून देऊ नये. नवा डायाफ्राम घालून, तेल लावून, डिकीत ठेवावा.

पंप बसल्यावर काही दिवस त्याचा आवाज ऐकत राहावा. चावी फिरवल्यावर भरभर टकटक, मग मंद, मग जवळजवळ बंद, हा निरोगी आवाज. इंजिन बंद असताना चाचणीसाठी थेट वीज दिली आणि टकटक मंदावतच नसेल, तर टाकी रिकामी आहे, हवा ओढली जात आहे, किंवा सुई बंद होत नसून पेट्रोल कुठेतरी वाहते आहे. यातली तिसरी शक्यता आधी तपासावी आणि डिपस्टिक काढून ऑइलला पेट्रोलचा वास येतो का तेही पाहावे. रबरी माउंटवर बसवलेल्या पंपाचा आवाज अचानक चासीतून घुमू लागला तर बोल्ट ढिला झाला आहे. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा एकदा आवळाव्यात आणि रबरी पाईप दिसायला चांगले असले तरी चार-पाच वर्षांनी बदलावेत.